‘एक कप’ म्हणजे नेमके किती?
आहाराच्या कागदावरील आणि वेष्टनावरील इंग्रजी मापे ज्येष्ठांच्या घरात कशी समजून घ्यावीत

मराठी स्वयंपाकघराला मोजमापाचे वावडे कधीच नव्हते. चिमूटभर हिंग, मूठभर शेंगदाणे, पसाभर तांदूळ, बोटाच्या पेराएवढे आले, पळीभर तेल ही सारी मापेच होती. बाजारात मेथीची जुडी, केळ्यांची फणी, लसणाचा गड्डा आणि मासळीचा वाटा असे. या मापांचा आधार हात, डोळा आणि रोजची सवय हाच होता. घरातील स्त्री ज्या हाताने मीठ घाली त्याच हाताने वर्षानुवर्षे घालीत असल्याने पदार्थाची चव बदलत नसे आणि मापाचा प्रश्नही उद्भवत नसे.

आज त्याच घरात आहारतज्ज्ञाने लिहून दिलेला कागद शीतकपाटाला चिकटवलेला असतो. त्यावर ‘वन कप राइस’, ‘टू टीस्पून ऑइल’, ‘वन सर्व्हिंग फ्रूट’, ‘फ्लुइड दीड लीटर’ असे शब्द असतात. औषधाच्या बाटलीवर ‘एमएल’ असते, बिस्किटांच्या पुड्यावर ‘पर सर्व्ह’ आणि ‘पर हंड्रेड ग्रॅम’ असते. हे शब्द कानांना परिचित असतात. ‘कप’, ‘ग्लास’, ‘डझन’ हे तर मराठीच झाले आहेत, आणि खरी अडचण येथेच आहे. अपरिचित शब्दाचा अर्थ माणूस विचारतो. परिचित शब्दाचा विचारत नाही. कप म्हणजे आपला चहाचा कप, ग्लास म्हणजे आपला पाण्याचा ग्लास असे तो गृहीत धरतो. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत या गृहीतकाची किंमत मोठी असू शकते.

मापांचा बदल ज्येष्ठांना नवा नाही

आज पंच्याहत्तरी ओलांडलेल्या वाचकांनी मापांचा एक मोठा बदल बालपणी अनुभवला आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने वापरात आली. त्यापूर्वी वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा होता. त्याचा चौथा भाग पावशेर, आठवा भाग नवटाक आणि सोळावा भाग छटाक. धान्य मोजताना दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली असे कोष्टक पाठ असे. शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीही घोकून घेतली जात असे.

म्हणजे नवी मापे आत्मसात करण्याची क्षमता या पिढीकडे पुरेपूर आहे. शेराचा किलो झाला तेव्हा दुकानदाराच्या तराजूत नवे वजन प्रत्यक्ष दिसत होते, गिऱ्हाईक ते हातात घेऊन पाहू शकत होते. ‘टेबलस्पून’ आणि ‘सर्व्हिंग’ हे शब्द मात्र कागदावरून आले. त्यांचे वजन कोणी हातात दिले नाही. ते काम आता घरातील काळजीवाहूंनी करावयाचे आहे.

चमचा एक, मापे दोन

सर्वाधिक घोटाळा चमच्याचा होतो. मराठीत चहाचा, आमटीचा, वाढण्याचा असे सारेच चमचे. इंग्रजीत मात्र टीस्पून आणि टेबलस्पून ही दोन स्वतंत्र मापे आहेत. टीस्पून म्हणजे ५ मिलिलीटर आणि टेबलस्पून म्हणजे १५ मिलिलीटर, अर्थात तिप्पट. कागदावर ही नावे संक्षिप्त रूपात येतात. पहिल्याचे ‘टीएसपी’ आणि दुसऱ्याचे ‘टीबीएसपी’. दोहोंत फरक केवळ मधल्या ‘बी’ या एका अक्षराचा आहे. बारीक छपाईत आणि मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना तो सहज चुकतो. ‘बी’ दिसला की मोठा चमचा, एवढी खूणगाठ बांधून ठेवावी.

हा फरक मिठाच्या बाबतीत पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. हे प्रमाण सपाट भरलेल्या एका टीस्पूनहून किंचित कमीच आहे आणि त्यात दिवसभरातील भाजी, आमटी, लोणचे, पापड, फरसाण यांतील सारे मीठ मोडते. ‘एक चमचा मीठ चालेल’ हे वाक्य ऐकून घरात आमटीचा चमचा भरला गेला, तर मर्यादेच्या सुमारे तिप्पट मीठ पोटात जाईल. तेलाचेही तसेच. एका टीस्पून तेलातून सुमारे ४० उष्मांक मिळतात, एका टेबलस्पूनमधून सुमारे १२०. शिवाय चमचा सपाट की शिगोशीग, हाही प्रश्न उरतोच. मापाचा चमचा नेहमी सपाट धरला जातो. सुरीच्या पाठीने वरचा ढीग सारून टाकावा.

औषधाच्या बाबतीत तर स्वयंपाकघरातील चमचा वापरूच नये. घराघरांतील चमच्यांचे आकारमान भिन्न असते. पातळ औषधासोबत येणाऱ्या झाकणावर किंवा छोट्या पेल्यावर मिलिलीटरच्या रेषा असतात, त्याच पाहाव्यात. पेला हातात उंच धरून न पाहता सपाट जागी ठेवावा आणि डोळे रेषेच्या पातळीवर आणून मोजावे. डॉक्टरांनी ‘एक चमचा’ असे तोंडी सांगितले, तर ‘म्हणजे किती मिलिलीटर?’ हा प्रश्न तेथेच विचारावा.

कप, वाटी आणि ग्लास

मराठी घरातील चहाचा कप बहुधा १०० ते १५० मिलिलीटरचा असतो. पाककृतीतील कप हा मात्र मापाचा कप असतो. अमेरिकी कप सुमारे २४० मिलिलीटरचा, तर मेट्रिक कप २५० मिलिलीटरचा. म्हणजे परदेशी आहारतक्त्यातील ‘एक कप’ आपल्या चहाच्या कपाच्या जवळजवळ दुप्पट असतो.

दुसरा प्रश्न कच्चे की शिजलेले, हा आहे. एक कप कच्च्या तांदळाचा शिजून साधारण तीन कप भात होतो. ‘वन कप राइस’ या शब्दांत तांदूळ आणि भात हा भेद उरत नाही. मराठीने मात्र तो नेमका जपला आहे: मुदपाकातला तो तांदूळ, पानातला तो भात. मधुमेही व्यक्तीच्या कागदावर ‘राइस’ लिहिले असेल, तर आहारतज्ज्ञाला मराठीतच विचारावे, ‘एक कप तांदळाचा भात की एक कप भात?’ उत्तरात तिपटीचा फरक असू शकतो. डाळ आणि ओट्स यांनाही हाच प्रश्न लागू आहे.

वाटी हे आपले माप असले, तरी तेही निश्चित नाही. आमटीची वाटी वेगळी, श्रीखंडाची वेगळी, नातवंडांची वेगळी. म्हणून आहारतज्ज्ञाकडे जाताना आपण रोज वापरतो ती वाटी सोबत न्यावी. ‘या वाटीने किती?’ या एका प्रश्नात अनेक गैरसमज मिटतात.

ग्लासचा प्रश्न याहून गंभीर आहे. हृदयाची कार्यक्षमता कमी झालेल्या किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या काही रुग्णांना डॉक्टर दिवसभरातील द्रवपदार्थांची मर्यादा घालून देतात. घरातील एक ग्लास २०० मिलिलीटरचा आणि दुसरा ३०० मिलिलीटरचा असेल, तर सहा ग्लास म्हणजे एका मापाने १२०० आणि दुसऱ्या मापाने १८०० मिलिलीटर होतात. फरक अर्ध्या लीटरहून अधिक. शिवाय ‘फ्लुइड’ या शब्दाचा अर्थ केवळ पाणी असा नाही. चहा, दूध, ताक, सार, पातळ आमटी, पेज, आइसक्रीम आणि औषधासोबत घेतलेला घोट हे सारे त्यात मोडते. पाण्याचा हिशेब काटेकोर ठेवून ताकाचे दोन पेले मोजणीबाहेर राहिले, तर पायांवरील सूज का उतरत नाही हे कोडे सुटत नाही.

वेष्टनावरील शब्दांचा अर्थ

आपल्याकडील वेष्टित खाद्यपदार्थांवर पोषणमूल्ये १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलीटरच्या प्रमाणात दिलेली असतात. त्याशेजारी ‘पर सर्व्ह’ असा रकाना असतो आणि एका सर्व्हिंगमधून दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग मिळतो हे तेथे कळते. ही टक्केवारी २००० उष्मांकांच्या आहारावर बेतलेली असते. त्यात सोडियम २००० मिलिग्रॅम आणि वरून घातलेली साखर ५० ग्रॅम धरलेली असते. कमी आहार असलेल्या, आजारी किंवा कृश वृद्धाची गरज तेवढी असेलच असे नाही.

‘सर्व्हिंग’ म्हणजे आपण खातो तेवढे नव्हे, तर उत्पादकाने हिशेबासाठी ठरवलेला एक भाग. समजा, फरसाणाच्या पुड्यावर १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम आणि सर्व्हिंग ३० ग्रॅम असे लिहिले आहे. सर्व्हिंगच्या रकान्यात २४० मिलिग्रॅम हा आकडा दिसेल आणि तो माफक वाटेल. परंतु गप्पांच्या ओघात १०० ग्रॅमचा पुडा संपला, तर पोटात ८०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सुमारे २ ग्रॅम मीठ गेले. दिवसाच्या मर्यादेचा चाळीस टक्के भाग केवळ चहासोबत संपला.

येथे एक गणित पाठ करण्याजोगे आहे. सोडियमच्या अडीच पट मीठ. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ. अडीचकी घोकलेल्या पिढीला हे अवघड नाही. साखरेसाठी दुसरे गणित, सुमारे ४ ग्रॅम म्हणजे एक टीस्पून. शीतपेयाच्या बाटलीवर साखर ३२ ग्रॅम लिहिली असेल, तर ती आठ चमचे साखर आहे हे नातवंडांनाही पटते.

‘फ्री’ आणि ‘लो’ हेही मापाचेच शब्द आहेत. आपल्या नियमांनुसार १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमहून अधिक साखर नसेल तरच ‘शुगर फ्री’ म्हणता येते. घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये ३ ग्रॅमपर्यंतच स्निग्धांश असेल तर ‘लो फॅट’. परंतु ‘नो अ‍ॅडेड शुगर’चा अर्थ साखर नाही असा होत नाही, वरून घातलेली नाही, एवढाच होतो. फळांच्या रसात मुळातली साखर असतेच. शुगर फ्री बिस्किटातही मैदा आणि तूप असते, आणि मैद्याने रक्तशर्करा वाढतेच.

‘लो सोडियम’ मिठाविषयी विशेष सावधगिरी हवी. त्यात सोडियमचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम घातलेले असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांच्या, तसेच रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांच्या रक्तातील पोटॅशियम त्यामुळे धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. ‘लो’ हा शब्द पाहून असे मीठ परस्पर सुरू करू नये. आधी डॉक्टरांना विचारावे.

परदेशी मुलांच्या घरी

अनेक ज्येष्ठ वर्षातील काही महिने परदेशी मुलांकडे काढतात. दिवसा मुले कामावर गेल्यावर स्वयंपाक आणि पथ्य त्यांचे त्यांनाच सांभाळावे लागते. अमेरिकेतील दुकानात भाजी पाउंडात आणि दूध गॅलनमध्ये मिळते. पाउंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, अर्ध्या किलोहून किंचित कमी. पाउंडाचे १६ औंस, जसे शेराचे १६ छटाक. गंमत अशी की ‘हाफ पाउंड’ म्हणजे सुमारे २२७ ग्रॅम आणि आपला जुना पावशेर सुमारे २३३ ग्रॅमचा. म्हणजे तेथे अर्धा पाउंड मागितला की पदरात जवळजवळ पावशेरच पडतो. अमेरिकी गॅलन सुमारे पावणेचार लीटरचा असतो. ‘औंस’ वजनाचाही असतो आणि ‘फ्लुइड औंस’ द्रवाचाही. आठ फ्लुइड औंसांचा एक अमेरिकी कप.

इंग्लंडमध्ये दूध पाइंटमध्ये मिळते. तेथील पाइंट ५६८ मिलिलीटरचा. तेथील वेष्टनावर सोडियमऐवजी थेट मिठाचे ग्रॅम छापलेले असतात, त्यामुळे तेथे अडीच पटीचे गणित करू नये. ऑस्ट्रेलियातील टेबलस्पून १५ नव्हे, २० मिलिलीटरचा असतो. देश बदलला की शब्द तोच राहूनही माप बदलते, हे ध्यानात असावे.

दुकानातील बोलण्यातही इंग्रजीची एक सवय उपयोगी पडते. ब्रेड, साबण, पाणी यांसारख्या वस्तूंची थेट संख्या न सांगता इंग्रजी आधी भांडे किंवा तुकडा सांगते: ‘लोफ ऑफ ब्रेड’, ‘बंच ऑफ कोरिअँडर’, ‘बॉटल ऑफ मिल्क’. आपण कोथिंबिरीची जुडी, पावाची लादी, आंब्याची फोड म्हणतो तीच ही रीत. शब्द न आठवल्यास संकोच न करता बोटाने दाखवावे आणि आकडा सांगावा. व्यवहार अडत नाही.

ऐकू येण्यातील फसगत

वयोमानानुसार श्रवणशक्ती कमी होताना उंच पट्टीतील ध्वनी आधी निसटू लागतात आणि मिळतेजुळते शब्द वेगळे ओळखणे कठीण होते. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’, ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ हे शब्द मग सारखेच ऐकू येतात. ‘फिफ्टीन एमएल’ आणि ‘फिफ्टी एमएल’ यांत तिपटीहून अधिक अंतर आहे. मराठीतील ‘पंधरा’ आणि ‘पन्नास’ यांत असा संभ्रम होत नाही. तसेच ‘वन अँड हाफ’ या तीन शब्दांतील मधला ऐकू आला नाही, तर दीड गोळीची एक किंवा अर्धी होऊ शकते. ‘दीड’ हा एकच शब्द आहे; तो अर्धा ऐकू येत नाही.

उलट बाजूही आहे. ‘पाऊण वाटी’, ‘सव्वा लीटर’, ‘पावणेदोन चमचे’ असे आजी म्हणते तेव्हा इंग्रजी माध्यमात शिकलेल्या नातवाला ते उमगत नाही, आणि विचारले तर हसतील म्हणून तो विचारत नाही. इंग्रजी शब्दापुढे आजोबाही असेच गप्प बसून मान हलवतात. दोन्ही पिढ्यांचे मौन पथ्याला सारखेच घातक आहे. म्हणून सूचना देणाऱ्याने ‘समजले ना?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर ‘हो’ असेच येते. ‘आता तुम्ही किती घेणार, एकदा मोजून दाखवता का?’ असे आदराने विचारावे. त्यात परीक्षेचा सूर नसावा, सोबतीचा असावा.

घरात करावयाच्या काही गोष्टी

• मापाचे चमचे आणि कप यांचा एक संच आणावा. टीस्पूनला एका रंगाचा, टेबलस्पूनला दुसऱ्या रंगाचा दोरा बांधावा.

• रोजची वाटी, कप आणि ग्लास यांत किती मिलिलीटर मावते ते एकदा मोजावे. स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर पाणी तोलले तरी चालते. १ ग्रॅम पाणी म्हणजे १ मिलिलीटर. आकडा भांड्याच्या तळाशी लिहून ठेवावा.

• द्रवाची मर्यादा असेल, तर सकाळी तेवढे पाणी एका बाटलीत भरावे. चहा, ताक, आमटी जे काही घेतले जाईल, तेवढे पाणी त्या बाटलीतून काढून टाकावे. उरलेले पाणी हीच दिवसाची शिल्लक.

• दिवसाचे मीठ सकाळी छोट्या डबीत सपाट चमच्याने मोजून ठेवावे. लोणचे, पापड, फरसाण यांसाठी त्यातूनच वजावट करावी.

• आहाराचा कागद घरातील मापांत पुन्हा लिहावा: ‘निळ्या वाटीने एक वाटी भात’, ‘लाल दोऱ्याच्या चमच्याने दोन चमचे तेल’. अक्षर मोठे आणि शाई काळी असावी. मदतनीस बाईंनाही तो कागद वाचून दाखवावा.

• खरेदीच्या वेळी वेष्टनावरील प्रतिग्रॅम किंवा प्रतिकिलो किंमत पाहावी. तेल ग्रॅममध्ये आहे की मिलिलीटरमध्ये हेही पाहावे; एक लीटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅमच भरते.

इंग्रजी मापे टाळण्याचे कारण नाही. आहारशास्त्र, औषधे आणि बाजार यांची ती आज सामाईक भाषा आहे, आणि अंदाजाने घातलेल्या चिमटीपेक्षा मिलिलीटरची रेषा आजारपणात अधिक विश्वासार्ह आहे. परंतु माप कागदावर कितीही अचूक असले, तरी ज्याच्या ताटात ते वाढले जाणार त्याला ते उमगले पाहिजे. येत्या रविवारी नातवंडांना सोबत घेऊन घरातील वाट्या आणि ग्लास मोजायला बसावे. आजीने त्यांना पाऊण आणि सव्वा शिकवावे, त्यांनी आजीला टीस्पून आणि टेबलस्पून. तासाभराचे हे काम आहे, आणि सोमवारच्या पहिल्या जेवणापासून त्याचा उपयोग सुरू होतो.